कॅलेंडरने कोणता डेटा टाकून दिला?

‘हे आकडे बसत नाहीत, काढून टाकू का?’ सिनॉप्सिस लिहिण्याआधीच हा प्रश्न पडायला लागतो. आज हवामानबदलाच्या इतिहासातला एक किस्सा सांगतो. या प्रश्नावर मला तरी त्याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर (होय, भिंतीवरच्यासारखंच नाव). इंग्लंडमधला हा गृहस्थ वाफेवर काम करणारा इंजिनिअर होता. हवामानाचा अभ्यास तो फावल्या वेळात करायचा. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे टिंडलने आधीच प्रयोगांनी दाखवलं होतं, अऱ्हेनियसने 1896 मध्ये त्याचं गणितही मांडलं होतं. कॅलेंडरने जगभरच्या सुमारे 200 केंद्रांच्या जुन्या तापमाननोंदी गोळा केल्या आणि 1938 च्या पेपरात सांगितलं की, गेल्या 50 वर्षांत तापमान दरवर्षी सरासरी 0.005 अंश सेल्सिअसने वाढलंय. त्याच काळात माणसाने इंधन जाळून सुमारे 15,000 कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला आणि त्यातला तीन चतुर्थांश हवेतच राहिला, असा त्याचा अंदाज होता. गंमत म्हणजे त्याला ही तापमानवाढ चांगलीच वाटत होती: हिमयुग लांबेल!

सभेत हवामानशास्त्रज्ञांनी शंका काढल्या. पण खरी अडचण वेगळीच होती. कार्बन डायऑक्साइड वाढलाय हे दाखवायचं, तर आधी किती होता ते हवं. एकोणिसाव्या शतकातली मोजमापं होती भरपूर, पण पद्धती वेगळ्या, जागा वेगळ्या, आकडेही विखुरलेले. कॅलेंडरने त्यातली निवडक घेतली आणि जुनी पातळी दहा लाखांत साधारण 290 भाग धरली. 1955 मध्ये स्लोकम या अमेरिकन अभ्यासकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं: सगळे आकडे घेतले तर वाढ सिद्ध होते का?

कॅलेंडरने 1958 च्या पेपरात आपले निकष छापले. शहरातली हवा नको. माती, वनस्पती किंवा प्रदूषण तपासायला घेतलेले नमुने नकोत. इथपर्यंत ठीक, कारण नमुना कुठला आणि कशासाठी, हे आकडा न बघताही ठरवता येतं. पण आणखी एक निकष होता: त्या काळच्या, त्या भागातल्या सरासरीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो आकडा बाद. म्हणजे उत्तर काय असावं हे आधी धरून त्यात न बसणारं गाळायचं. माझ्या मते स्लोकमचा आक्षेप इथे रास्तच होता.

त्याच 1958 च्या मार्चमध्ये कीलिंगची मोजणी हवाईतल्या मौना लोआवर सुरू झाली. पहिली नोंद साधारण 313. पुढे आलेख चढतच गेला, पण त्यावरून 1900 सालची हवा कळत नव्हती. ती कळली 1980 च्या दशकात, अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून: 1900 च्या सुमारास साधारण 295. कॅलेंडर 1964 मध्येच वारला होता.

उत्तर जवळजवळ बरोबर निघालं म्हणून 10 टक्क्यांचा निकष बरोबर ठरत नाही. पण निकष छापले होते, म्हणून आज आपण त्यावर वाद तरी घालू शकतो. दोन्ही पेपर वाचणार असाल तर आधी 1958 चा घ्या, मग 1938 चा; आणि 1938 च्या शेवटी छापलेली चर्चा अजिबात सोडू नका.