छायाचित्र-दुरुस्ती व रंगमुद्रण, शिर्डीतील

छायाचित्र-दुरुस्ती व रंगमुद्रण, शिर्डीतील : शिर्डी (जि. अहिल्यानगर) येथील श्रीसाईबाबांची (मृ. १५ ऑक्टोबर १९१८) हयातीतील छायाचित्रे मोजकीच असून ती कृष्णधवल आहेत. घरोघरी आढळणाऱ्या रंगीत तसबिरींतील रंग चित्रकारांनी व मुद्रकांनी मागाहून भरलेले आहेत. श्यामराव जयकर यांनी बाबांच्या हयातीत काढलेले रंगचित्र या दृष्टीने अपवादात्मक व म्हणूनच मोलाचे ठरते.

शिळेवर बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतलेली मुद्रा सर्वांत परिचित होय. बा. व. तालीम यांनी घडविलेल्या व ७ ऑक्टोबर १९५४ रोजी समाधिमंदिरात प्रतिष्ठापित झालेल्या संगमरवरी मूर्तीतही हीच बैठक दिसते. अशा चित्राची दुरुस्ती पूर्वी ऋणचित्रावरच करीत. काचेवरील पातळ भागावर शिसपेन्सिल फिरविली, की छापात तो भाग उजळे. चाकूने खरवडल्यास तो काळवंडे. छापावरून पुन्हा छायाचित्र घेतले, की गडद भागांतील बारकावे बुजत. त्यांत डोळे प्रथम जात व कारागीर ते हाताने रेखाटी. एकाच छायाचित्राच्या निरनिराळ्या प्रतींत बाबांची नजर निराळी भासते, ती बव्हंशी यामुळे.

कफनीच्या रंगाबाबतही असेच घडले. तत्कालीन सर्वसाधारण काचपट्ट्या तांबड्या प्रकाशाला फारच कमी संवेदनशील असत. गडद भगवे वस्त्र त्यांवर काळसर उमटले असते. प्रचलित छायाचित्रांत कफनी उजळ आहे आणि चरित्रपर वर्णनांतही ती प्रायः पांढरीच सांगितली आहे. तसबिरींत मात्र ती भगवी, गुलाबी, क्वचित निळीही आढळते. भक्ताला त्यात वावगे वाटत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो पुरावा मानू नये.

डोळ्यांतील तांबडेपणा हा दोष रंगीत फिल्म व कॅमेऱ्यालाच जोडलेला फ्लॅश यांच्या प्रसारानंतर सर्वत्र दिसू लागला. भिंगाशेजारून निघालेला प्रकाश विस्फारलेल्या बाहुलीतून आत जाऊन रक्तवाहिन्यांनी व्यापलेल्या पार्श्वपटलावरून परततो, तेव्हा बाहुली लाल दिसते. यात्रेकरूंच्या कौटुंबिक छायाचित्रांत तो संगणकावर काढताना बाहुलीतील लाल घटक तेवढा कमी करावा. ती निव्वळ काळी करून प्रकाशबिंदू पुसल्यास डोळा निर्जीव भासतो.

पडद्यावरील रंग तांबडा, हिरवा व निळा या प्रकाशांचे, तर छपाईचे रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईचे असतात. पडद्यावरील झळझळीत भगवा शाईत पुरता उतरत नाही. उपकरणागणिक होणारा असा फरक आटोक्यात ठेवण्यासाठी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने ‘कलर प्रोफाइल’ची सामाईक पद्धती रूढ केली. ही पद्धती दिलेला रंग शक्य तितका राखते. कृष्णधवल चित्रातील वस्त्राचा मूळ रंग ती सांगू शकत नाही. म्हणून जुन्या छापांची संगणकीय नक्कल करताना दुरुस्ती न केलेली प्रत वेगळी जतन करतात व रंग भरलेल्या प्रतीवर तशी नोंद ठेवतात.