द्रव्य व पदार्थ

अस्तित्वात असलेल्या वस्तूंचे अंतिम प्रकार किती आणि त्यांपैकी इतरांना आश्रय देणारा प्रकार कोणता, हा तत्त्वमीमांसेतील एक मूलभूत प्रश्न. व्यवहारातील मराठीत ‘पदार्थ’ म्हणजे वस्तू वा खाण्याचा जिन्नस आणि ‘द्रव्य’ म्हणजे पैसा. त्यामुळे नवख्या वाचकाचा येथे हटकून गोंधळ होतो. वैशेषिकांच्या मते जे जे ज्ञेय व शब्दाने सांगता येण्यासारखे आहे, ते सर्व पदार्थच होय. प्रशस्तपादाने द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष व समवाय असे सहा पदार्थ मानले. पुढे अभाव हा सातवा रूढ झाला. ॲरिस्टॉटलच्या दहा पदार्थांत अभावाला स्थान नाही.

गुण व कर्म यांचा आश्रय ते द्रव्य. पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा व मन अशी त्याची नऊ रूपे होत. भाट्ट मीमांसक अंधारालाही दहावे द्रव्य मानतात. कारण तो काळा दिसतो व सरकतो. नैयायिकांच्या मते मात्र तो केवळ तेजाचा अभाव आहे.

‘ज्यात गुण असतात ते द्रव्य’ हे लक्षण सोपे वाटते. पण घट हा स्वतःच्या रंगाचे कारण आहे आणि कारण कार्याच्या आधी असलेच पाहिजे. म्हणून उत्पत्तीच्या पहिल्या क्षणी घट निर्गुण असतो, असे वैशेषिकांनाच मानावे लागले. परिणामी अन्नंभट्टाने दीपिकेत ‘गुणांसह राहणारी, सत्तेहून भिन्न अशी जाती ज्यात आहे ते’ अशी सुधारणा केली. लक्षण निर्दोष झाले, तरी द्रव्याचे आकलन त्याने फारसे वाढत नाही.

खरी अडचण समवायाची आहे. रंग वस्त्राहून भिन्न असून समवायाने त्यात राहतो, असे म्हटले, तर समवाय कशाने राहतो? त्यासाठी दुसरा समवाय मानल्यास अनवस्था येते, हा शंकराचार्यांचा ब्रह्मसूत्रभाष्यातील आक्षेप प्रसिद्ध आहे.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. अमृतानुभवातील सच्चिदानंदपदत्रयाच्या विवरणात ज्ञानेश्वरांनी सोन्याचा व कापराचा दृष्टांत दिला आहे. कांती आणि काठिण्य सोन्याहून निराळी काढता येत नाहीत. तसे सत्, चित् व आनंद हे ब्रह्माचे तीन गुण नव्हेत. ही पदे असत्ता, जडता व दुःख यांची केवळ व्यावृत्ती करतात. येथे ज्ञानेश्वरांचा रोख वैशेषिकांवर नाही. तरीही गुण आणि गुणी यांतील भेदच नाकारल्यावर समवायाची गरज उरत नाही.

या परिभाषेच्या अभ्यासकांना भीमाचार्य झळकीकर यांचा न्यायकोश आजही उपयोगी पडतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली.