घरघर कुणाची?

जुनी रेकॉर्ड लावली, की गाण्यामागे घरघर ऐकू येते आणि आपण दोष तबकडीला देऊन ती अडगळीत टाकतो. लाखेच्या तबकड्या आता बनत नाहीत. म्हणून आधी यंत्राची उलटतपासणी करावी, असे आम्हांला वाटते.

चावीच्या ग्रामोफोनला स्प्रिंग पुरे. अंधेरी-बोरिवलीकडे वीज पुरवणारी 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' कंपनी १९२९ साली स्थापन झाली. घरांत वीज आली, तशी स्प्रिंगची जागा मोटरने घेतली. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावरची चार ध्रुवांची मोटर सेकंदाला सुमारे २५ फेरे घेते. बऱ्याच यंत्रांत एक रबरी चाक ही गती थाळीला पोचवते, आणि तिच्यासोबत मोटरची थरथरही!

घड्याळ घेऊन बसावे. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे थाळीची एक फेरी १.८ सेकंदांची. ठोका तेवढ्याच अंतराने पडला, तर संशय थाळीवर किंवा तबकडीवर. त्याहून भराभर पडला, तर रबरी चाकावर. बंद यंत्रात चाक मोटरच्या दांड्यावर महिनोन्महिने दाबलेले राहिले, की त्याला खळगा पडतो. सलग घरघर असेल, तर मोटरखालचे रबर कडक झाले आहे का, तेल सुकले आहे का, ते पाहावे. (प्लग काढूनच!)

१९५८च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि जुनीच थरथर अधिक ऐकू येऊ लागली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत गाणे सुईला आडवे हलवते. स्टीरिओची सुई मात्र वर-खाली हलणेही टिपते. अशा सुईने जुनी तबकडी वाजवताना डावा व उजवा मार्ग एकत्र जोडावा. मग वर-खालीची थरथर दोन्हींकडून उलटसुलट येऊन बरीचशी नाहीशी होते; गाणे मात्र दोन्हींकडे सारखेच असल्याने टिकते.