घोड्याचा डाग आणि मोटारीचा कागद

इ. स. २००६ च्या वैशाखांत माझ्या मेहुण्यानें एक जुनी मोटार विकत घेतली. आपल्या शहराचें नांव त्या वेळीं औरंगाबाद होतें. छत्रपति संभाजीनगर हें नांव २०२३ सालीं अधिकृत झालें. सौद्याच्या दिवशीं तो मला बरोबर घेऊन गेला. "दाजी, गाडींतलें मला कळतें, तुम्ही मास्तर, कागद तेवढे तुम्ही वाचा," असें तो म्हणाला. मीं कागद वाचले. नोंदणीपुस्तकावरील चेसी नंबर व इंजिन नंबर गाडीवरील आंकड्यांशीं एकेक अक्षर लावून ताडून पाहिले. मुंबईकडील कार्यालयाचें ना-हरकत पत्र होतें, कर भरलेला होता, कर्जाचा बोजा उतरलेला होता. कागदांत नांव ठेवण्यास जागा नव्हती.

दोन महिन्यांनीं आम्ही चाळीसगांवाहून त्याच गाडीनें परत येत होतों. औट्रम घाट निम्मा चढलों आणि गाडीचे दिवे एकाएकीं मालवले. रात्र झाली होती, पाऊस होता, मागच्या बाकावर माझी पत्नी व तिच्या मांडीवर मेहुण्याची चार वर्षांची मुलगी झोंपलेली. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकानें वेळेवर ब्रेक दाबला, एवढ्यावरच आम्ही वांचलों.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीनें गाडी पाहिली. त्यानें इंजिनाला हात लावला नाहीं. बसावयाचा पट्टा धरून तो शेवटपर्यंत बाहेर ओढला. सहसा जो भाग कोणी बाहेर काढीत नाहीं, त्या टोंकावर वाळलेल्या गाळाची एक आडवी रेघ होती. "गुरुजी, ही पाण्यांतली गाडी आहे," तो म्हणाला. ज्यानें इतिहास शिकविण्यांत जन्म घालविला त्याला त्या रेघेनें एक धडा दिला. जो वृत्तांत पट्ट्यावर उमटला होता तो नोंदणीपुस्तकांत कां उमटला नाहीं, या प्रश्नाचा मीं त्या दिवसापासून माग काढला.

आपल्या शहराशीं या प्रश्नाचें जुनें नातें आहे. येथील किल्ले अर्कमध्यें मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचें मोठें दफ्तर होतें. तें पुढें हैदराबादेस गेलें आणि आज तेलंगणाच्या पुराभिलेखागारांत आहे. त्यांत 'अर्ज-ओ-चेहरा' या नांवाचे कागद आहेत. त्यांवर स्वाराचें नांव, बापाचें नांव, वर्ण, अंगावरील तीळ व जखमांचे व्रण हें सारें असतें. आणि तितक्याच काळजीनें त्याच्या घोड्याचा रंग, खुणा व डागहि नोंदलेला असतो. हा खटाटोप कशासाठीं? हजिरीच्या दिवशीं चांगला घोडा उसना आणावा, सरकारांतून पगार उचलावा आणि मोहिमेवर जातांना एखादें मरतुकडें तट्टू पुढें करावें, ही लबाडी फार जुनी. तिला आळा घालण्यास अल्लाउद्दिन खिलजीनें घोड्यांना तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची पद्धत घातली, शेरशहानें ती पुन्हा उचलली, अकबरानें इ. स. १५७३-७४ च्या सुमारास ती कसोशीनें अंमलांत आणली. सरदारांना ती मुळींच आवडली नाहीं, यावरूनच तिची गरज ध्यानांत यावी.

आजच्या मोटारीची व्यवस्था हीच आहे. चेसीवर ठोकलेला नंबर हा डाग. नोंदणीपुस्तक हा चेहरा. दोहोंचा मेळ बसला कीं गाडी खरी. परंतु मोगली पद्धतींत एक गोष्ट अधिक होती. ठराविक मुदतीनें घोडा पुन्हा पुढें आणावा लागे व त्याची पडताळणी होई. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी एकदां झाली कीं ती पंधरा वर्षें चालते. त्या अवधींत गाडी पुरांत बुडाली, दरींत कोसळली किंवा दोन तुकड्यांची एक जोडली, तरी तपासनिसापुढें तिला उभें राहावें लागेलच असें नाहीं. घोड्याचे दांत कानसून वय चोरणारे व्यापारी पूर्वीं असत. त्यांचे वंशज आज मीटर मागें फिरवितात.

आतां पाण्यांतल्या गाडीकडे वळूं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशीं कुलाब्यास १०० मिलिमीटरहि पडला नाहीं. मिठी नदी कांठ सोडून वस्त्यांत शिरली, तळघरें भरलीं, रस्त्यांत व इमारतींखालीं उभ्या असलेल्या हजारों मोटारी टपापर्यंत बुडाल्या. मोटार पाण्यांतून काढून वाळविली म्हणजे ती सुधारली, असें होत नाहीं. इंजिनांत पाणी असतां कोणी किल्ली फिरविली तर आंतील दांडा वांकतो. हें तरी लगेच कळतें. तारांच्या जोडांत शिरलेलें खारट, गढूळ पाणी मात्र आपलें काम सावकाश करतें. गंज महिन्यामहिन्यानें वाढतो, आणि एके रात्रीं घाटांत दिवे जातात.

अशा गाड्यांचा विमा उतरविलेला असतो. विमा कंपनीचा तपासनीस येतो, खर्चाचा अंदाज करतो. आपल्याकडील मोटार विम्याच्या नियमांप्रमाणें गाडी ओढून आणण्याचा व दुरुस्तीचा मिळून खर्च विम्यांतील ठरीव किंमतीच्या ७५ टक्क्यांवर जात असेल, तर ती गाडी पूर्ण बुडीत, बाजारच्या भाषेंत 'टोटल लॉस', धरतात. ही कल्पना मूळची जहाजांच्या विम्याची. फुटक्या जहाजांतून जें सोडवून आणलें तें 'सॅल्व्हेज'. मालकास पैसे मिळतात आणि सांगाडा उरतो. तो सर्वांत अधिक बोली करणाऱ्यास जातो, किंवा त्याची किंमत वजा करून मालकाकडेच राहतो. येथपर्यंत कोणाचें कांहीं चुकत नाहीं. इतकेंच नव्हे, तर बुडीत गाडी वाईटच असेल असेंहि नाहीं; बारा वर्षांच्या गाडीची किंमतच इतकी उतरलेली असते कीं दर्शनी भाग चेपला तरी हिशेब ७५ टक्क्यांवर जातो, आणि कुशल कारागीर ती गाडी चोख करून देतो.

घोटाळा पुढें होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५५ वें कलम असें आहे कीं, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानें चौदा दिवसांत अथवा होईल तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें आणि नोंदणीपुस्तक परत करावें. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें गाडी एक तर जिवंत, नाहीं तर मेलेली. विमा कंपनीनें मेलेली म्हणून पैसे मोजले आणि मिस्त्रीनें पुन्हा उठवून उभी केली, अशा गाडीसाठीं नोंदणीपुस्तकांत रकानाच नाहीं. तिचा पहिला कागदच दुसऱ्या जन्मांतहि चालतो. मीं जो कागद इतक्या बारकाईनें वाचला, तो खोटा नव्हता. तो गप्प होता.

याहून वाईट प्रकार असा कीं, कित्येकदां सांगाडा कागदासाठींच विकत घेतला जातो. त्याच बनावटीची, त्याच रंगाची गाडी चोरावयाची, तिचा चेसी नंबर खरवडावयाचा आणि मेलेल्या गाडीचा नंबर तिच्यावर ठोकावयाचा. असे गुन्हे पोलिसांनीं वेळोवेळीं उघडकीस आणले आहेत. अकबराच्या बक्षीस हें ऐकून नवल वाटलें नसतें.

मुंबई बुडाली त्याच्या पुढच्याच महिन्यांत, २९ ऑगस्ट २००५ रोजीं, अमेरिकेंत कॅटरिना नांवाचें वादळ आलें व न्यू ऑर्लिअन्स शहर पाण्याखालीं गेलें. तेथेंहि असंख्य मोटारी बुडाल्या. परंतु तेथील संस्थानांत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' असा शिक्का मारतात. दुरुस्तीनंतर 'पुन्हा बांधलेली' असा दुसरा शिक्का बसतो. गाडी स्वस्तांत विकली जाते, आणि घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो. तेथें लबाडी नाहीं असें समजूं नये. संस्थानागणिक नियम निराळे असल्यामुळें गाडी सैल नियमांच्या संस्थानांत नेऊन शिक्का नाहींसा करून आणतात. या उद्योगाला 'कागद धुणें' असेंच नांव आहे. त्यावर उपाय म्हणून सर्व देशाची एक नोंदवही करण्याचा कायदा १९९२ सालीं झाला आणि ती सामान्य ग्राहकास खुली व्हावयास २००९ साल उजाडलें. आपल्याकडे 'वाहन' या सरकारी नोंदींत आज मालकी, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत घरबसल्या दिसते. पट्ट्यावरची रेघ दिसत नाहीं.

मग विकणाऱ्यानें सांगावयास नको काय? १८७२ चा करार कायदा १७ व्या कलमांत याचा विचार करतो, आणि गंमत अशी कीं त्यांतलीं पहिलीं तीन उदाहरणें घोड्याचींच आहेत. एकानें लिलांवांत घोडा विकला; तो सदोष आहे हें त्याला ठाऊक होतें, पण तो बोलला नाहीं. ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणांत घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे; तेथें नात्यामुळें सांगणें हें बापाचें कर्तव्य ठरतें. तिसऱ्यांत घेणारा म्हणतो, तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन. आणि विकणारा गप्प बसतो. येथें कायदा त्या गप्प बसण्यास बोलणें समजतो.

मेहुण्यानें गाडीच्या तारा बदलून घेतल्या व पुढच्या वर्षीं ती विकावयास काढली. त्याची बचत तींत अडकली होती. मुलीच्या शाळेची फी भरावयाची होती. जालन्याकडील एक तरुण गिऱ्हाईक आलें. तो भाजीचा व्यापार करणारा होता. बरोबर बायको व कडेवर लहान मूल होतें. त्यानें गाडी भोंवतालून पाहिली, नोंदणीपुस्तक उघडलें, नंबर ताडले. मग ओट्यावर बसलेल्या माझ्याकडे तें पुस्तक पुढें करून तो म्हणाला, "गुरुजी, आम्हांला यांतलें फार कळत नाहीं. कागद बरोबर आहेत ना?"

मीं तें पुस्तक हातांत घेतलें, चष्मा लावला, पुन्हा एकदां सर्व वाचलें आणि म्हणालों, "कागद बरोबर आहेत."