नाव पडलं मुळाचं, रोग नेणारे निघाले पानाखाली



हल्ली आपल्याकडे माड जरा पिवळा पडला की लगेच पांढऱ्या माशीचं नाव निघतं आणि पंप बाहेर येतो. झावळीवर कीड बसलेली दिसणं वेगळं आणि तिनेच रोग आणला हे ठरणं वेगळं. केरळात हा फरक उलगडायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. ती हकिगत आज लिहितो.

1882 च्या मोठ्या पुरानंतर कोट्टयमजवळच्या एराट्टुपेट्टा भागात माडाचा एक रोग लोकांच्या डोळ्यात भरला. झावळीची पाती ढिली पडून बरगड्यांसारखी आत वळायची, मग पिवळी पडायची, कडा करपायच्या. माड मरत नाही, पण नारळ वर्षागणिक कमी होतात. म्हणजे मालक ना तोडतो, ना त्याला धड उत्पन्न मिळतं.

1908 मध्ये सरकारी बुरशीशास्त्रज्ञ बटलर यांनी तपासणी केली. मुळं कुजलेली दिसली, संशय बुरशीवर गेला. रोगाला ‘रूट विल्ट’, म्हणजे मूळ-मर, असं नाव पडलं ते आजतागायत. मग पुढची कित्येक वर्षं शोध जास्त करून मातीत चालला. बुरशी झाली, सूत्रकृमी झाले, अन्नद्रव्यं झाली. खतं घालून माड थोडा सावरायचा, पण रोग काही जाईना.

1950 च्या दशकात काहींनी झावळीखालच्या एका बारीक किड्यावर बोट ठेवलं. हा लेस बग, जाळीदार पारदर्शक पंखांचा ढेकण्या, केळीवरही असतो. पण तेव्हा पुरावा पक्का होईना, कारण रोगाचा जंतूच कोणाला सापडला नव्हता.

1967 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना रोगट तुतीच्या अन्नरस-नळ्यांत एक नवाच सूक्ष्मजीव दिसला. त्याला आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. कायंकुलमच्या केंद्रात 1983 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोच प्रकार रोगट माडात दिसला. आता प्रश्न सरळ झाला. जंतू रसाच्या नळीत आहे, तर एका माडाचा रस पिऊन दुसऱ्यावर जाणारा कोण?

हे सिद्ध करायची रीत समजून घ्या. किडा रोगट माडावर पोसायचा. मग जाळीच्या पिंजऱ्यातल्या निरोगी रोपावर सोडायचा. शेजारच्या पिंजऱ्यात तसंच रोप, पण किडा नाही. पहिलं आजारी पडलं, दुसरं चांगलं राहिलं, आणि जंतू किड्याच्या लाळग्रंथीत व रोपातही सापडला, तरच तो वाहक. माडाच्या रोपावर लक्षण दिसायला महिनोन्‌महिने जातात, म्हणून एकेक प्रयोग वर्षानुवर्षं चालतो. अशा कामातून 1990 च्या सुमारास लेस बग वाहक ठरला. पुढे प्राउटिस्टा मोएस्टा नावाचा छोटा तुडतुडाही सापडला. सुपारीवाल्यांनी हे नाव ध्यानात ठेवा, सुपारीच्या पिवळ्या पानाच्या रोगाचा वाहकही तोच.

उशिराची किंमत केवढी? 1984 च्या सुमाराच्या पाहणीत केरळचं नुकसान वर्षाला सुमारे 96 कोटी 80 लाख नारळ एवढं धरलं गेलं. नुसतं वाहक मारूनही भागत नाही, कारण उंच माडावर सगळीकडे फवारणी कोण करणार? म्हणून रोगट पट्ट्यातच टिकून राहिलेले माड निवडले. त्यातून 2012 मध्ये कल्परक्षा, कल्पश्री आणि संकरित कल्पशंकरा बाहेर आले.

आपल्यासाठी यात तीन गोष्टी. एक, रोपं कुठल्या पट्ट्यातल्या बागेतली आहेत ते विचारूनच आणा. दोन, झावळी उलटी करून खालचा फोटो काढा, पाती कशी वळलीत तेही दिसू द्या आणि तो फोटो कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. तीन, निदान होईपर्यंत औषध हातात घेऊ नका. रोगाला घाईत चुकीचं नाव पडलं तर पिढ्या नको तिथे खणत बसतात.

जाणकार मंडळींनी काही चुकलं असेल तर खाली जरूर सांगावं.