आकादेमिका

पोर्तुगालमधील कोइंब्रा या विद्यापीठनगरीचा फुटबॉल क्लब. त्याचे मूळ १८८७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी संघटनेत आहे. खेळाडूंचा सदराही विद्यार्थ्यांच्या पारंपरिक पोशाखासारखा काळाच. १९३९ मध्ये बेनफिकाला ४-३ असे हरवून या संघाने पहिलावहिला पोर्तुगाल चषक जिंकला. तरीही क्लबच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान हरलेल्या सामन्याचे आहे. १९६९ मध्ये कोइंब्राचे विद्यार्थी हुकूमशाही राजवटीविरुद्ध उभे ठाकून परीक्षांवर बहिष्कार घालत होते. त्याच जूनमध्ये लिस्बनजवळच्या राष्ट्रीय मैदानावर चषकाच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी निषेधाचे फलक उंचावले. राष्ट्राध्यक्ष तिकडे फिरकले नाहीत, दूरचित्रवाणीनेही सामना दाखवला नाही. बेनफिकाने जादा वेळेत २-१ अशी बाजी मारली. चषक पुन्हा कोइंब्रात आला तो २०१२ मध्ये, स्पोर्टिंगला १-० असे नमवून.