कोजागिरीला कोरमंगलात

शनिवार, 28 ऑक्टोबर 2023. दुपारचे साडेबारा. सोनी वर्ल्ड सिग्नलला रिक्षातून उतरताच तुम्हाला दिसतात ते एजिपुरा उड्डाणपुलाचे खांब. काम सुरू झालं 2017 साली आणि पूल अजून अधांतरीच. तुम्ही नेमक्या दिवशी पोचलात याची ही पहिली खूण.

नियम एकच आहे. पुढचं सगळं ठाऊक असलं तरी तोंड उघडायचं नाही. आज ते जड जाणार आहे. रात्री पॅरिसला रग्बी विश्वचषकाची फायनल आहे, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आणि तुमचा सांगलीकर मित्र, जो इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, न्यूझीलंडचा भक्त आहे. दिवसा धरमशाळेत क्रिकेटमध्येही न्यूझीलंड आहे, ऑस्ट्रेलियाशी. त्याच्या मते आज डबल बार.

पाचव्या ब्लॉकात मेघना फूड्सपुढे नाव नोंदवून तुम्ही ताटकळता. शनिवारी दुपारी दुसरं काही होत नाही. आत गेल्यावर मेन्यूकार्ड न बघता बोनलेस बिर्याणी मागवा. आंध्रचा हात आहे. तिखटाला इथे कोणी माफी मागत नाही. हिरवी मिरची, कढीपत्ता, मसाला धरून बसलेले चिकनचे तुकडे, आणि खालचा भात तेवढाच झणझणीत. सांगलीकराच्या कपाळावर घाम येतो आणि तो समाधानाने म्हणतो, "लगा, आता कसं घरच्यासारखं वाटलं." फोनवर ट्रॅव्हिस हेडचं शतक कधीच होऊन गेलंय.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. आज कोजागिरी आणि वर चंद्रग्रहण. चारनंतर वेध लागतात, काही खाऊ नकोस, दूध आटवून ठेव, तुळशीचं पान टाक, मोक्षानंतर पी. तो हो-हो म्हणतो, फोन ठेवतो आणि तुम्हाला गंभीरपणे विचारतो, "बिअरमध्ये पण पान टाकलं तर चालेल का रे?"

दुपार त्याच्या फ्लॅटवर. तो राहतो नॅशनल गेम्स व्हिलेजमध्ये. 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी खेळाडूंना उतरवायला बांधलेली ही वसाहत, नंतर लोकांची घरं झाली. टीव्हीवर ऑस्ट्रेलियाच्या 388 चा पाठलाग चाललाय. रचिन रवींद्र 116 करतो. त्याचे आईवडील मूळचे बंगळूरचे, त्यामुळे चौकाराला शेजारच्या बाल्कनीतूनही आरडाओरडा ऐकू येतो. शेवटच्या षटकात 19 हव्यात. नीशम धावबाद होतो, पाच धावांनी सामना जातो. सांगलीकर उशी भिंतीवर आपटतो. तुम्ही नको तितके शांत बसलेले असता, आणि ते त्याच्या लक्षात येतं.

संध्याकाळी पब शोधायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: दहा दिवसांपूर्वी, 18 तारखेला, होसूर रोडवरच्या एका गच्चीवरच्या कॅफेला आग लागली. सिलिंडर फुटले, एकाने चौथ्या मजल्यावरून उडी मारली. तेव्हापासून महापालिका गच्च्या तपासत फिरते आहे. आज उघड्या आकाशाखाली बसायचा हट्ट सोडा, खालच्या मजल्यावर जा. गिलीज, सोशल, बियर लायब्ररी अशी नावं कोणीही सांगेल. माझं मत विचाराल तर बिअर आणि मॅच एकाच टेबलावर शोधू नये. चांगली ताजी बिअर जिथे मिळते तिथे लोक गप्पा मारायला येतात, स्क्रीन असतो तो भिंतीला शोभा म्हणून. मॅचसाठी स्क्रीन भरपूर आणि वेटर क्रिकेटवेडा अशी जागा बरी.

म्हणून आधी ब्रुअरी. गव्हाची बिअर मागवा, गढूळ असली तरी घाबरू नका. ती गाळलेली नसते. केळं आणि लवंगेचा वास येतो, त्यात ना केळं असतं ना लवंग, ती सगळी यीस्टची करणी. पुणेकराला हे सांगायची गरज नाही. डूलालीने 2009 साली पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये हा उद्योग सुरू केला तेव्हा बंगळूरचे लोक अजून किंगफिशरच्या पिचरवर खूश होते. (हे इथे मोठ्याने बोलू नये.) चखण्याला आंध्र चिली चिकन, आणि कुठे मिळालं तर 'काँग्रेस': मसाला लावलेले, दोन फाका झालेले शेंगदाणे. 1969 साली काँग्रेसची फूट इथल्या अधिवेशनापासून पडली, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात.

दुसऱ्या ग्लासाला तुम्ही सांगलीकराला कलकत्त्याची गोष्ट सांगता, कारण ती जुनी आहे, सांगितली तर नियम मोडत नाही. 1873 साली कलकत्त्यात साहेबांनी रग्बीचा क्लब काढला. सभासदांना दारू फुकट होती. ती बंद झाली आणि सभासद पांगले. उरलेले 270 चांदीचे रुपये बँकेतून काढून, वितळवून त्याचा चषक केला. दांड्यांना नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्याच्यासाठी खेळतात.

"म्हणजे बार बंद झाला म्हणून कप झाला," सांगलीकर म्हणतो. तुम्ही घड्याळ बघता.

कारण खरी अडचण तीच आहे. पॅरिसचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेबारा. बंगळूरचे पब एकला बंद. ऐंशी मिनिटांच्या खेळातला अर्धा तास तुमच्या वाट्याला. दुसऱ्या पबमध्ये सगळ्या स्क्रीनवर नेदरलँड्सने बांगलादेशला हरवल्याचे हायलाइट्स चालू आहेत. मॅनेजरला विनवून कोपऱ्यातला एक टीव्ही मिळतो, आवाज बंद. तिसऱ्याच मिनिटाला न्यूझीलंडच्या फ्रिझेलला पिवळं कार्ड. दक्षिण आफ्रिकेचा हँड्रे पोलार्ड पेनल्टीमागून पेनल्टी मारतो, प्रत्येकीचे तीन गुण. बिल येतं तेव्हा 9–3. लाइट भगभगीत लागतात, खुर्च्या टेबलांवर चढू लागतात. "क्लोजिंग, सर." न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन बाहेर बसलाय, पिवळ्याचं लाल होण्याच्या बेतात. पुरुषांच्या विश्वचषक फायनलमधलं हे पहिलं लाल कार्ड तुम्ही रस्त्यावर फोनमध्ये बघता, रिक्षा शोधता शोधता.

एक वाजून पाच मिनिटांनी ग्रहण लागतं. चंद्र पार डोक्यावर, मान मोडते. कड जेमतेम काळवंडते, तेवढ्यासाठी दिवसभर उपास हे जरा जास्तच, असं सांगलीकराचं मत. उपास त्याने केलेला नाही.

बाकीचा खेळ फ्लॅटवर. पबच्या गच्च्या बंद, पण या घराची खिडकी उघडी आहे. न्यूझीलंड चौदा जणांत झुंजतं. बॉडन बॅरेट कोपऱ्यात ट्राय करतो, पाच गुण, 12–11. वरचे दोन गुण मिळवून देणारी मोउंगाची किक बाहेर जाते. मग त्र्याहत्तराव्या मिनिटाला जॉर्डी बॅरेट लांबून पेनल्टी घेतो. सांगलीकर गुडघ्यांवर. तुम्ही स्वयंपाकघरात दूध गरम करायला उठता, कारण तुम्हाला माहीत आहे. किक खांबाच्या बाहेर जाते. दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले.

2 वाजून 24 मिनिटांनी मोक्ष. चारोळी, वेलदोडा, केशर, वर तुळशीचं पान. बिर्याणी आणि बिअरवर मसाला दूध पोटात काय करेल याची चर्चा होते, आणि तरी दोघे दोन-दोन पेले पितात.

"तुला सगळं आधीच माहीत होतं," सांगलीकर म्हणतो. "सकाळपासून बघतोय. उद्या लखनौला इंग्लंडशी आहे. बोल."

"जिंकतो आपण. शंभर धावांनी."

"बरं. आणि फायनल, 19 नोव्हेंबरला?"

तुम्ही पेला पुढे करता. "दूध उरलंय का रे अजून?"